भुसावळातला दातांचा दवाखाना : वाळ्याच्या वासाला चार स्टार

रेल्वेत ३१ वर्षं गार्ड होतो. मध्यरात्री मालगाडी आडरानात तास-तास उभी राहिली तरी कधी घाबरलो नाही. पण दातांच्या दवाखान्याचा जिना चढताना अजून पोटात गोळा येतो. कारण लवंग! दातात तात्पुरतं सिमेंट भरतात ते झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचं असतं, आणि लवंगेच्या तेलाचा वास म्हणजे मुख्यतः हे युजेनॉलच. तो वास नाकात गेला की मला ती खुर्ची आणि डोळ्यांवरचा दिवा आठवतो. घरी मसालेभात असला की ही माझ्या ताटातल्या लवंगा आधीच वेचून काढते.

तर मे महिन्यात रूट कॅनॉलसाठी जामनेर रोडवरच्या या दवाखान्यात गेलो. दुपारचे ३, पारा ४५ च्या घरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दार उघडलं आणि वाळ्याचा वास आला. कूलरला लाकडाच्या भुश्शाऐवजी वाळ्याच्या ताट्या. शेजारी यावलकडचे एक शेतकरी गाल धरून बसले होते, तेही म्हणाले, "काय वास यी राह्यला भो, माठाच्या पान्यासारखा!" अगदी तसाच. आमची आजी माठात वाळ्याची जुडी टाकायची.

डॉक्टर मॅडमना या वासाबद्दल विचारलं, तर त्यांनी आधी सुगंधाचं नाहीच सांगितलं. आधी उपचाराच्या खोलीला एक्झॉस्ट फॅन बसवला, मधलं दार आपोआप लागेल असं केलं. आतला वास बाहेर येणं थांबल्यावर मग वाळा आणला. घाण वासावर अत्तर शिंपडलं तर तिसराच वास तयार होतो, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. कूलर बंद असतो त्या दिवसांत कोपऱ्यातल्या डिफ्यूझरमध्ये, म्हणजे हवेत वास पसरवणाऱ्या यंत्रात, संत्र्याच्या तेलाचे तीन-चार थेंब. व्हिएन्नात दाताच्या दवाखान्यात बसलेल्या २०० रुग्णांवर याचा अभ्यास झाला होता, २००५ मध्ये छापून आला. संत्रं किंवा लॅव्हेंडरचा वास होता तिथे लोकांची धास्ती कमी दिसली. आपल्याकडे वाळा असताना लॅव्हेंडर कशाला, हे मात्र माझं मत.

आमच्या हिला दमा आहे. एका दुसऱ्या हॉस्पिटलात भिंतीवरचं यंत्र दर थोड्या वेळाने मोगऱ्याचा फवारा मारायचं, ही खोकून खोकून बेजार, आणि काउंटरवरचे म्हणे, "ते बंद होत नाही." इथे नुसतं सांगितल्यावर दवाखान्यातल्या मुलीने डिफ्यूझर उचलून आत नेला.

एक स्टार कापला तो दुसऱ्या खेपेचा. सोमवारी सकाळी गेलो, तर रविवारभर टाकीत साचलेल्या पाण्याने वाळ्याला शेवाळाचा वास मारत होता. वाळा वापरायचा तर पाणी रोज बदलावं लागतं, आणि ताट्या जुन्या झाल्या की सुगंधही उतरतो. शिवाय वेळ घेऊन गेलो तरी सव्वा तास बसवलं. तक्रार केली, मॅडमनी ऐकून घेतली.

तिसऱ्या वेळी पाणी ताजं होतं. मला अशी डुलकी लागली की नंबर पुकारलेला कळलाच नाही, आणि माझ्या मागच्या बाई आत जाऊन दाढ काढून परतसुद्धा आल्या.