रत्नागिरीतली खोली की मुंबईचा व्हिडिओ कॉल: समुपदेशक निवडण्याआधी

कोकणात समुपदेशक शोधणाऱ्यापुढे बहुधा दोन वाटा असतात. एक, रत्नागिरी, चिपळूण किंवा कणकवलीत कुणाकडे प्रत्यक्ष जायचे. दुसरी, मुंबई-पुण्यातल्या कुणाशी मोबाइलवर ठरल्या वेळी बोलायचे. मी दोन्ही प्रकारे काम करते. ज्यांचे दुखणे लैंगिकता, लिंगभाव, मोडलेले लग्न अशा चारचौघांत न बोलण्याच्या गोष्टींशी जोडलेले आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

आधी एक कबुली. सुरुवातीच्या काळात एका तरुणाने आपल्याला मुलींविषयी ओढ वाटत नाही असे सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो ‘घरी माहीत आहे का?’ हा. त्याने पाण्याचा पेला न पिताच टेबलावर ठेवला आणि पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही. माणूस समोर बसला होता त्याच्याऐवजी मी त्याच्या घरच्यांची काळजी वाहत होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1957 मध्ये विनाअट स्वीकार, समानुभूती आणि स्वतःचा प्रामाणिकपणा या गोष्टी उपचारासाठी आवश्यक मानल्या होत्या. त्या मला पाठ होत्या, अंगी मुरल्या नव्हत्या.

प्रत्यक्ष भेटीची जमेची बाजू मोठी आहे. हाताची चुळबुळ, मध्येच घशात अडकलेला शब्द, हे स्क्रीनवर निसटते. कुडाळकडचा माणूस ‘माका काय सुचणा नाय’ म्हणतो, तेव्हा त्यातला थकवा इथल्या कानाला लगेच कळतो. मात्र त्याच इथलेपणाची किंमतही मोजावी लागते. जिना चढणाऱ्याला खालचा दुकानदार ओळखतो, आणि ‘कोणाचा रे तू?’ हा प्रश्न आपुलकीचा असला तरी इथे तोच अडथळा ठरतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, पण तो एसटी स्टँडला लागू नाही. शिवाय दापोलीहून रत्नागिरीला जाऊन येण्यात दिवस मोडतो तो वेगळाच.

मोबाइलवर निवड वाढते, आणि क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा व्यक्तींसोबत काम करण्याचे खास प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक मिळण्याची शक्यताही. अडचण घरातच असते. मागच्या पडवीत बसून बोलणाऱ्याचा आवाज माजघरात जातो, गणपती-शिमग्याला चाकरमानी आले की कोपराच उरत नाही, आणि ऐन पावसात वीज गेली की मागोमाग रेंजही जाते. म्हणून खुणेचे वाक्य आधी ठरवून घ्यावे. माणूस अचानक ‘आंब्याच्या पेटीचा भाव काय?’ विचारू लागला, की कुणीतरी जवळ आले आहे हे ओळखून समुपदेशकानेही भावच सांगावा. हेडफोन हवेतच. फी दोन्हीकडे आधी विचारावी.

माझे मत विचाराल तर, दुखणे ओळख लपवण्याचे असेल तर सुरुवात मोबाइलवर करावी आणि विश्वास बसल्यावर, जमल्यास, प्रत्यक्ष भेटावे. झोप पार उडाली असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर ही निवड करत बसू नये. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे जावे, कारण औषधे समुपदेशक देऊ शकत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो.

वाट कोणतीही धरा, पहिल्याच बोलण्यात शिक्षण विचारा, आणि स्वतःला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही विचारा. मग ‘मी समलिंगी असेन तर तुम्ही काय कराल?’ असे सरळ विचारा. ‘बदलता येईल’ असे उत्तर आले, तर फोन ठेवा: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे ‘परिवर्तन उपचार’ डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. ‘तुम्हाला काय हवे आहे?’ असा उलट प्रश्न आला, तर पुढची वेळ घ्या.