अलाइनमेंट रॉड: नऊ महिने वापरल्यावर

गुडघा आतल्या बाजूने झिजलाय, पायाला बाक आलाय, अशा पेशंटची हाय टिबियल ऑस्टिओटॉमी (टिबिया, म्हणजे नडगीचं हाड, गुडघ्याखाली कापून पाय सरळ करायचं ऑपरेशन) करताना पायाची रेघ तपासायला मी कित्येक वर्षं कॉटरीची, म्हणजे रक्तस्राव थांबवायच्या विजेच्या उपकरणाची, केबलच वापरत होतो. एक टोक खुब्याच्या गोळ्याच्या मध्यावर, दुसरं घोट्याच्या मध्यावर, ताणून धरायची आणि ती गुडघ्यातून कुठून जाते, म्हणजे पायावरचा भार कुठून जातो, ते सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर) बघायचं. खर्च शून्य. पण केबल ड्रेपच्या (पेशंटवर घातलेल्या निर्जंतुक कापडाच्या) घडीत अडकते, धरणाऱ्याचा हात जरा सैल पडला की रेघ सरकते. म्हणून नऊ महिन्यांपूर्वी त्याच कामासाठी स्टीलचा अलाइनमेंट रॉड घेतला.

आमचा रॉड दोन तुकड्यांचा, मध्ये आटे. त्यामुळे ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) ड्रममध्ये मावतो. त्रासही त्या जोडाचाच. आटे पुरते आवळले नाहीत तर रॉड तिथे किंचित वाकतो. आणि खुब्याच्या वर जास्त सोडला तर जोड बरोबर गुडघ्यावर येतो. जिथे मिलिमीटर मोजायचे तिथेच जाड सावली. आता मी वरचं टोक खुब्यापाशीच ठेवतो, जोड नडगीवर उतरतो.

खुबा शोधायला एक साधी गोष्ट फार उपयोगी पडली. ड्रेप घालण्याआधी सी-आर्मखाली गोळ्याचा मध्य बघून तिथे ईसीजीचा स्टिकर लावायचा. त्याचं बटण ड्रेपवरूनही बोटाला लागतं. पुन्हा पुन्हा शूट करावं लागत नाही.

तिसऱ्या केसची गोष्ट सांगायलाच हवी. रॉड अगदी ठरल्या जागेवरून जात होता, टिबियाच्या आतल्या कडेपासून रुंदीच्या ६२.५ टक्क्यांवर; या ऑपरेशनमध्ये रेघ जिथून न्यायची त्या जागेला फुजिसावा पॉइंट म्हणतात. तीन महिन्यांनी मावशींना उभं करून स्कॅनोग्राम (खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे) काढला, तर रेघ बरीच बाहेर. टेबलावर पायावर वजन नसतं; उभं राहिल्यावर बाहेरच्या बाजूची सैल फट मिटली आणि करेक्शन, म्हणजे बाकाची दुरुस्ती, गरजेपेक्षा वाढलं. दुखणं थांबलंय, पण पाय बाहेर फेकल्यासारखा दिसतो, हे त्या दर फॉलोअपला सांगतात. मला ते लागतं. चूक रॉडची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून रॉड ठेवण्याआधी गुडघा पूर्ण सरळ, वाटी बरोबर समोर, आणि एकाने तळपायावर खालून घट्ट दाब द्यायचा. मगच शूट. गुडघा जरा वाकलेला आणि पाय जरा फिरलेला असला, तरी रॉड वेगळीच जागा दाखवतो. झीज कमी असेल तर मी आता ५५ टक्क्यांच्या आसपासच थांबतो.

रॉडवर एका बाबतीत विसंबू नका. तो फक्त रेघ दाखवतो, सांध्याची पातळी तिरकी झाली का ते नाही. टिबियाचा सांध्याच्या पातळीशी होणारा आतला कोन, नॉर्मल ८५ ते ९० अंश, वेगळा मोजावाच लागतो. बाक मांडीच्या हाडात असताना सगळं करेक्शन टिबियात केलं, तरी रॉड छान मध्यातून जातो आणि सांधा मात्र कलतो.

केबलकडे मी परत जाणार नाही. तुमच्याकडच्या ऑटोक्लेव्हमध्ये अख्खा रॉड मावत असेल तर एकसंध रॉडच घ्या.