सोसायटीच्या कामासाठी व्हॉट्सॲप ग्रुप : चूक दुरुस्त करायला कितपत सोयीचा?

मुंबईतील बहुतेक गृहनिर्माण संस्थांप्रमाणे मुलुंडमधील आमच्या सोसायटीचाही रोजचा कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो. सूचना झटपट पोहोचवण्यात या सेवेला तोड नाही. मला येथे एकच बाजू तपासायची आहे : चुकीची माहिती ग्रुपवर गेली, तर ती निस्तरायला आणि पुन्हा तशी चूक टाळायला ही सेवा किती मदत करते?

महापालिकेने २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू केली होती. पुढच्या उन्हाळ्यात त्याच कपातीचा जुना संदेश, ज्यात तारीख होती पण वर्ष नव्हते, एका ज्येष्ठ सभासदाने सद्हेतूने ग्रुपवर टाकला. घरोघरी पिंपे आणि बादल्या भरण्याची झुंबड उडाली आणि गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत रिकामी झाली. चूक ध्यानात येताच काकांनी संदेश सर्वांसाठी डिलीट केला; पण तोवर अनेकांनी तो नातेवाइकांना पुढे पाठवला होता, आणि मूळ संदेश पुसला तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. शिवाय संदेश डिलीट झाल्याची जी ओळ मागे उरते, तिच्यावरून माहिती चुकीची होती की पाठवणाऱ्याने अन्य कारणाने ती काढली, हे कळायला मार्ग नसतो.

मे २०२३ मध्ये आलेली संपादनाची सोयही याच कारणाने अपुरी वाटते. ती पाठवल्यापासून १५ मिनिटेच मिळते, बदललेल्या संदेशावर तशी खूण दिसते, पण आधी काय लिहिले होते ते दिसत नाही आणि बदलाची नवी सूचनाही कोणाच्या फोनवर वाजत नाही. शुद्धलेखनासाठी ती उत्तम आहे. पंप बंद राहण्याची वेळ बदलायची असेल, तर तिच्यावर मुळीच विसंबू नये.

खरी उपयोगाची ठरली ती साधी रिप्लायची सोय. त्या प्रसंगानंतर कमिटीने ठरवले की, चुकीचा संदेश पुसायचा नाही, त्यालाच रिप्लाय देऊन दुरुस्ती लिहायची आणि ती पिन करायची. पिन ३० दिवसांपर्यंत राहू शकते. चूक आणि दुरुस्ती एकत्र वाचायला मिळाल्यामुळे आता पालिकेचा कोणताही संदेश आला की, 'वर्ष कोणते?' असे कोणीतरी आधी विचारते, आणि काकांना कोणी टोमणेही मारत नाही.

ॲडमिनला इतरांचे संदेश काढण्याचा अधिकार आहे, तो मात्र जपून वापरावा. सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणाला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे धास्तीपोटी प्रत्येक वादग्रस्त ओळ पुसण्याचे कारण नाही.

सूचनांसाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन आणि चर्चेसाठी दोन. संपादित संदेशाचे आधीचे रूप पाहता आले, तर तिसराही आनंदाने देईन. देखभाल शुल्क आणि दुरुस्तीच्या खर्चाचे विषय मात्र सर्वसाधारण सभेतच मांडावेत, कारण तेथील दुरुस्ती इतिवृत्तात नोंदली जाते.