दऱ्या आणि दर्या: डेटासेटसाठी प्लगइन लिहून पाहिलं

आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची गेल्या पावसाळ्यात मी डेटासेटवर चढवली. इंग्रजीत Datasette, उच्चार कॅसेटसारखा. सायमन विलिसन यांनी २०१७ साली आणलेलं हे पायथॉनमधलं मुक्त वेब अ‍ॅप्लिकेशन. एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसची फाइल दिली की ब्राउझरमध्ये तक्ता दिसतो, गाळण्या लावता येतात, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिता येते. हे विलिसन म्हणजे जँगो या पायथॉनमधल्या वेब फ्रेमवर्कच्या निर्मात्यांपैकी एक. मूळ सॉफ्टवेअरबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते त्याच्या प्लगइनच्या, म्हणजे बाहेरून जोडायच्या छोट्या कोडच्या सोयीबद्दल, कारण आमचं काम अडलं होतं ते तिच्यामुळे सुटलं.

अडलं होतं शोधापाशी. ग्रंथपाल काकांनी ‘दऱ्या’ असं टाइप केलं आणि डोंगरभटकंतीची निम्मी पुस्तकं आलीच नाहीत. कपाटात ती समोर दिसत होती. आमची सूची वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी एक्सेलमध्ये भरलेली, प्रत्येकाचा कीबोर्ड निराळा. कुणाचा ‘ऱ’ हे एकच सलग अक्षर, कुणाचा ‘र’ आणि खाली वेगळा नुक्ता, तर कुणी ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड टाकलेला. पडद्यावर तिन्ही अगदी सारखे. संगणकाला मात्र ते तीन वेगळे शब्द.

डेटासेटमध्ये यासाठी मूळ कोडला हात लावावा लागत नाही. ठरावीक नावाचं फंक्शन लिहायचं आणि त्याच्या डोक्यावर ‘हुकइम्पल’ ही खूण लावायची. अ‍ॅप ते योग्य वेळी बोलावतं. ही यंत्रणा प्लगी नावाच्या लायब्ररीची, जी पायटेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनातून आली. अशा ठरावीक नावाच्या जागेला हुक म्हणतात. मला हवा होता ‘प्रिपेअर कनेक्शन’ हा हुक. डेटाबेसशी जोडणी झाली की तो चालतो, आणि त्यात पायथॉनचं कुठलंही फंक्शन एसक्यूएलला, म्हणजे क्वेरीच्या भाषेला, शिकवता येतं. माझ्या फंक्शनचं नाव ‘शोधरूप’: शब्द कसाही टाइप केलेला असो, ते त्याचं शोधासाठी एकच रूप करतं. पूर्ण प्लगइन २० ओळींच्या आत बसलं.

सुरुवातीला पॅकेज वगैरे काही लागत नाही, हे मला फार आवडलं. ‘प्लगइन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये एक फाइल ठेवायची, डेटासेट सुरू करताना तो फोल्डर दाखवायचा, सोबत ‘रीलोड’ हा पर्याय द्यायचा. फाइल सेव्ह केली की बदल लगेच समोर. फक्त ती खूण विसरू नका. मी एकदा विसरले तेव्हा कुठलीही चूक दाखवली गेली नाही, फंक्शन नुसतं मुकं राहिलं. अर्धी संध्याकाळ त्यात गेली.

पहिल्या आवृत्तीत मी न दिसणारे सगळे कोड सरसकट काढून टाकले. सोपा उपाय वाटला होता. मग यादी पाहताना लक्षात आलं, की जोडचिन्ह काढल्यावर त्या तिसऱ्या पद्धतीच्या ‘दऱ्या’चं सरळ ‘दर्या’ होतं. डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्रप्रवासाची पुस्तकं! मराठीत हा एक रफाराचा फरक अर्थ बदलतो, आणि तो माझ्याच कोडनं पुसला होता. तेव्हा क्रम बदलला. आधी युनिकोडचं एनएफसी, म्हणजे जोडून लिहिलेलं प्रमाण रूप करायचं, त्यानं नुक्त्याचा ‘ऱ’ सलग अक्षर होतो. मग ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालायचं. त्यानंतरच उरलेले अदृश्य कोड काढायचे. शेवटी देवनागरी आकड्यांचे रोमन आकडे, कारण एसक्यूलाइट ‘१२’ला संख्या मानत नाही, त्याची शून्य अशी किंमत धरतं. रिकाम्या रकान्यासाठी वेगळी अट घाला. शीर्षक नसलेली एक नोंद आली आणि माझी सगळी क्वेरी कोसळली. संदेशात एवढंच, की तुमच्या फंक्शनमध्ये काहीतरी बिघडलं. कोणत्या ओळीत, कशामुळे, काही कळत नाही.

मग पॅकेजिंग. वाचनालयाच्या संगणकावर इंटरनेट नाही, त्यामुळे सुटी फाइल नेण्यापेक्षा नीट बसवता येणारं काहीतरी हवं होतं. यासाठी कुकीकटर या साच्यावरून प्रकल्प बनवणाऱ्या साधनाचा तयार साचा आहे. नाव, वर्णन अशा चार-सहा प्रश्नांची उत्तरं दिली की पूर्ण फोल्डर हाती येतो: पायप्रोजेक्टची टॉमल फाइल (पॅकेजची माहिती हिच्यात असते), परवाना, रीडमी, चाचणीची फाइल. पॅकेजच्या नावात आडवी रेघ, आतल्या मॉड्यूलच्या नावात खालची रेघ, हा नवख्याला गोंधळवणारा भाग साचाच सांभाळतो. टॉमलमधल्या ‘एंट्री पॉइंट्स’च्या दोन ओळींवर सगळी भिस्त असते. त्या वाचूनच डेटासेटला कळतं, की हे पॅकेज आपलं प्लगइन आहे. सोबतची चाचणी एवढंच पाहते, की चालू अ‍ॅपच्या यादीत प्लगइन आलंय का. तिच्याखाली मी ‘दऱ्या’ची तिन्ही रूपं आणि ‘दर्या’ घातले: पहिले तीन सारखे यायला हवेत, चौथा वेगळाच राहायला हवा. माझ्या मते ही चाचणी प्लगइनपेक्षा महत्त्वाची आहे.

बिल्डची आज्ञा दिली की ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये व्हील, म्हणजे बसवायला तयार पॅकेजची फाइल तयार होते. इथे एक ठेच लागली, ती तुमची वाचावी म्हणून सांगते. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून मी नंतर पानाचं रूप ठरवणारी एक सीएसएस फाइल जोडली होती. साच्यानं सुरुवातीलाच विचारलं होतं, अशा फाइलींसाठी स्टॅटिक फोल्डर हवा का, तेव्हा मी ‘नको’ म्हटलेलं. घरी सगळं झकास चालत होतं, कारण एडिटेबल पद्धतीनं बसवलेलं पॅकेज थेट माझ्याच फोल्डरमधून वाचतं. वाचनालयात व्हील बसवलं आणि सीएसएस गायब. ती व्हीलमध्ये गेलीच नव्हती, टॉमलमध्ये पॅकेज डेटाची नोंद नव्हती. व्हील म्हणजे शेवटी झिप फाइलच. पेन ड्राइव्हवर टाकण्याआधी उघडून आत काय आहे ते बघत जा. आणि बसवताना पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या साध्या पिपऐवजी ‘डेटासेट इन्स्टॉल’ वापरा, म्हणजे डेटासेट ज्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे तिथेच प्लगइन जातं.

दोन मर्यादा आहेत. तक्त्यावरच्या नेहमीच्या गाळण्या ‘शोधरूप’ वापरत नाहीत. म्हणून मी एक जतन केलेली क्वेरी बनवली. तिच्यात नाव दिलेला पॅरामीटर ठेवला की डेटासेट आपोआप त्याच्यासाठी चौकट काढून देतं, आणि काकांना तेवढी चौकट पुरते. दुसरी मर्यादा वेगाची. हे फंक्शन दर शोधाला प्रत्येक नोंदीवर चालतं, डेटाबेसच्या इंडेक्सचा (शोध जलद करणाऱ्या सूचीचा) उपयोग होत नाही, आणि क्वेरीला एरवी १ सेकंदाचीच मुदत असते. आमच्या ११ हजार पुस्तकांना ती भरपूर होते. जिल्हा ग्रंथालयाएवढी सूची असेल तर शोधरूप सूची भरतानाच वेगळ्या रकान्यात साठवा आणि प्लगइनला फक्त काकांनी टाइप केलेला शब्द बदलू द्या.