फाटलेली ताडपत्री : ठिगळ लावावं की नवी आणावी?

मार्च उजाडला की आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात रब्बीचा मका खळ्यावर येतो, आणि नेमकी तेव्हाच अवकाळीची वावटळ उठते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी ढिगावरची ताडपत्री ट्रॉलीच्या पत्र्यात अडकून हातभर फाटली. मी नवी आणायला निघालो होतो. आप्पांनी ती उन्हात पसरून पाहिली आणि म्हणाले, "आजून जीव शे तिनामा." ती सांधली, आजही वापरात आहे. त्याच महिन्यात ट्रॉलीवरची दुसरी ताडपत्रीही मी सांधून आणली. तिची भेग छोटीच होती. पण पहिल्याच वाऱ्यात ठिगळाला लागूनच ती पुन्हा उसवली आणि शिलाईचे पैसे गेले.

तेव्हापासून मी भेग किती मोठी आहे हे आधी बघत नाही. भेगेच्या आजूबाजूचं कापड बघतो. ताडपत्री खिळ्याने किंवा पत्र्याने फाटली असेल तर तो अपघात असतो, बाकीचं कापड दणकट असतं. ती उन्हाने फाटली असेल तर सगळं कापडच संपलेलं असतं, भेग फक्त आधी दिसते. खानदेशात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकचे धागे ठिसूळ करतात. म्हणून आधी तीन गोष्टी करून बघा. भेगेजवळची कड दोन्ही हातांत धरून ओढा. ती कागदासारखी फाटली तर विषय संपला. घडीवर नखाने घासा. पापुद्रे किंवा पांढरी भुकटी सुटली तर वरचा थर गेला आहे. मग दोघांनी ती सूर्यासमोर धरा आणि खालून बघा. दोन-चार ठिकाणी उजेड आला तर ठिगळ लावता येतं, चाळणीसारखा आला तर पैसे घालू नका.

सांधायचीच असेल तर कापड कोणतं यावर सगळं ठरतं. जुन्या ट्रकांवर असायची तशी सुती कॅनव्हासची ताडपत्री असेल तर बिनधास्त शिवा. गाडीच्या सीटा शिवणारा कुशनवाला किंवा चांभार ती जाड सुईने नीट शिवून देतो. ठिगळाचे कोपरे गोल कापायला सांगा, कारण टोकदार कोपऱ्यापासून ते सुटायला लागतं. दोरा सुती नको, पॉलिस्टर किंवा नायलॉनचा घ्या. शिलाईवर मेण चोळलं की सुईच्या भोकांतून पाणी झिरपत नाही.

आता बहुतेकांकडे असते ती विणलेली एचडीपीई ताडपत्री, म्हणजे पॉलिथिनच्या पट्ट्यांच्या विणीवर दोन्हीकडून प्लॅस्टिकचा थर. इथे नुसती दाभण-सुतळी चालवणं चूक आहे. जवळजवळ टाके घातले की भोकांची रांग तयार होते आणि ओढ बसली की ताडपत्री त्याच रांगेवरून फाटते. साधा डिंकही कामाचा नाही, पॉलिथिनला तो धरतच नाही. याला उष्णतेचा जोड हवा. मोठ्या दुकानांत गरम हवेचं सीलिंग मशीन असतं, तिथे दोन्ही बाजूंनी ठिगळ लावून घ्या. घरी छोटं भोक असेल तर जुन्या ताडपत्रीचाच तुकडा ठेवून, मध्ये बटर पेपर घालून, बेताच्या गरम इस्त्रीने दाबला तरी तो चिकटतो. आधी कोपऱ्यावर करून बघा, इस्त्री जास्त तापली तर भोक मोठंच होईल. ताडपत्रीची चिकटपट्टी मिळते, ती हंगाम निभावते. पण धूळ पुसून, पूर्ण कोरड्या कापडावर आणि दोन्ही बाजूंनी लावली तरच.

कडेची रिंग निघाली म्हणून ताडपत्री टाकणारे खूप पाहिले आहेत. तिथे कापडात एक गुळगुळीत खडा गुंडाळा आणि त्याच्या मानेला दोरी आवळा. रिंगेइतकंच घट्ट बसतं, खर्च शून्य.

नवी घेताना खरी फसगत जाडीत होते. दुकानदार सांगतो ते जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. मग ते वजनकाट्यावर तपासता येतं. 24 बाय 18 फुटांची ताडपत्री सुमारे 40 चौरस मीटर भरते. 250 जीएसएमची असेल तर ती 10 किलोच्या आसपास भरायला हवी, 120 ची पाच किलोच्या जरा आत. काट्यावर सात किलो भरणारी ताडपत्री 250 ची नाही, कागदावर काहीही लिहिलेलं असो. लांबी-रुंदीही टेपने मोजा, कारण कड दुमडल्यावर माप घटतं आणि काही जण दुमडायच्या आधीचं माप सांगतात. एचडीपीईच्या ताडपत्रीसाठी आयएस 7903 हे मानक आहे, त्याचा शिक्का आहे का बघा, आणि अतिनील संरक्षण आहे का ते बिलावर लिहून मागा. पंचायत समितीच्या कृषी विभागातही एकदा विचारा, काही वर्षी जिल्हा परिषदेकडून ताडपत्रीला अनुदान मिळतं.

खर्चाचा हिशेब मी वर्षावर करतो. समजा नवी 3000 रुपयांना येते आणि चार वर्षं टिकते, म्हणजे वर्षाला 750. जुनी सांधायला 400 लागतात आणि ती दोन वर्षं चालणार, म्हणजे वर्षाला 200. सांधणं सरळ फायद्याचं. पण तेवढ्याच 400 रुपयांत ती जेमतेम एक पावसाळा काढणार असेल, तर प्रश्न ढिगाचा येतो. तिच्याखालचा 40 क्विंटल मका उघडा पडणार असेल, तर मी तिथे जुगार खेळणार नाही. मक्याचा ओलावा 14 टक्क्यांच्या वर गेला की व्यापारी भाव पाडतो. कापसात सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, मर्यादा 12 टक्के आहे. मुरघासाच्या, म्हणजे हिरवा चारा हवाबंद मुरवायच्या, खड्ड्यावर तर सांधलेली घालूच नका, बारीक भोकातून हवा गेली तरी चारा बुरसतो.

म्हणून माझ्याकडे आता वर नवी, खाली सांधलेली अशी विभागणी आहे. खालच्या ताडपत्रीला ना ऊन लागतं, ना वारा. ठिगळ तिथे वर्षानुवर्षं टिकतं, फक्त ते जमिनीच्या बाजूला ठेवा. याला एक अपवाद मात्र पक्का पाळा: धागे सुटत असलेली प्लॅस्टिकची ताडपत्री कापसाखाली अंथरू नका. ते निळे-पिवळे धागे कापसात मिसळले की जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करतानाही, नीट निघत नाहीत, पुढे सुतात आणि कापडात येतात, आणि असा माल दिसला की गाडी बाजूला लावतात. कापसाखाली जुनं सुती धोतर किंवा साडी अंथरा, ती लाख पटीने बरी.