दारात डिझेल गाडी आहे. रोजच्या फेरीसाठी दुसरी कोणती?

दारात मोठी डिझेल गाडी आणि रोजची फेरी रत्नागिरी-पावस किंवा मालवण-कट्टा. मग जुनी सीएनजी वॅगनआर घ्यावी, १२५ सीसीची जुनी स्कूटर की इलेक्ट्रिक? लोक मायलेज आधी विचारतात. खरं तर गाडी नुसती उभी राहून वर्षाला किती खाते, ते आधी काढायला हवं.

डिझेल ९२ रुपये आणि ॲव्हरेज १४ धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये. सीएनजी ९० रुपये किलो, ॲव्हरेज २४, म्हणजे पावणेचार. वाचले पावणेतीन. पण तीन लाखांच्या वॅगनआरची किंमत वर्षाला तीसेक हजारांनी उतरते. थर्ड पार्टी विमा जीएसटीसह अडीच हजार. सर्व्हिसिंग, टायर, गंजकाम यांचे आणखी बारा-तेरा. ४५ हजार भागिले पावणेतीन, म्हणजे वर्षाला १६ हजार किलोमीटर. रोज ४५ किलोमीटर होत नसतील तर हा आतबट्ट्याचा व्यवहार. शिवाय सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी, आणि गणपतीत पंपावर चाकरमान्यांची रांग.

जुन्या स्कूटरचा उभा खर्च वर्षाला १२ हजार धरा. पेट्रोल १०५ आणि ॲव्हरेज ४५ असेल तर किलोमीटरमागे सव्वाचार रुपये वाचतात. रोज आठ किलोमीटरला हिशोब जुळतो.

नव्या इलेक्ट्रिक स्कूटरची घसारा-विम्यासह वर्षाची बेरीज १८ हजारांच्या घरात, पण वीज १२ रुपये युनिट धरूनही किलोमीटरला पन्नास पैशांच्या आत. तीही आठ किलोमीटरलाच जुळते. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला पेट्रोलपेक्षा पावणेदोन रुपये जास्त वाचतात. रोज पंचवीस-तीस किलोमीटर असतील तर हीच घ्या. फक्त आधी घरचं अर्थिंग तपासा. जांभ्यात ते मुळात कमजोर, मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की चार्जर एरर दाखवतो. कोळसा-मीठ भरून खड्ड्यात पाणी घालत राहा. वीज कडाडायला लागली की प्लग काढा.

जुनी कार बघताना वरच्या पॉलिशवर जाऊ नका. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीचा खळगा बघा, दरवाजांच्या खालच्या कडा आणि सायलेन्सरचे जोड हाताने चाचपा. खाऱ्या हवेचा गंज तिथूनच धरतो. तिथे पापुद्रा सुटत असेल तर कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या.

दुसरी आली की पहिली उभी राहते, हेही खर्चात धरा. पावसात हँडब्रेक ओढून पंधरा दिवस ठेवली तर मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा. बॅटरीसाठी आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा, नुसतं स्टार्ट करून बंद करू नका.

विमा काढताना पहिल्या गाडीचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) दुसरीला लागत नाही. मात्र मालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर एकदा असलं की पुरतं. तसं लिहून दिलं की दुसऱ्या पॉलिसीतून त्याचा हप्ता वगळता येतो.