लसीकरण केंद्र: नर्सताई एक नंबर, टायमिंगची बोंब

पहिल्या डोसनंतर बाळाला ताप आला न घरात सगळे घाबरले, परत कशाला टोचायचं म्हणे, म्हणून दुसरा राहूनच गेला. मला वाटलं आता बोलणी खायची, पण इथल्या नर्सताई कार्ड बघून शांतपणे म्हणाल्या, ताप एक-दोन दिवस येऊ शकतो, आणि डोस चुकला तरी पहिल्यापासून सुरू नाही करावं लागत, राहिलेलेच द्यायचे. नवऱ्याने लसीमुळे ऑटिझम होतो असं काढलं, तर तसा संबंध सुचवणारा १९९८ चा पेपर लॅन्सेट या मेडिकल जर्नलने २०१० मध्येच मागे घेतलाय हे पण त्यांना पाठ! टोचताना अंगावर पाजायला सांगितलं, रडणं पटकन थांबलं. वैताग एकच, फक्त कामाच्या दिवशी सकाळी चालू, म्हणजे रजा टाका, वर दोन तास रांग, बसायला खुर्ची नाही, मग लोकं डोस चुकवणारच ना. चार स्टार, तेही ताईंमुळे.